फळीवरची पेटी

निरोप आला तेव्हा मी वर्गात होते. सातवीच्या मुलींकडून पेटीवर अलंकार घोटून घेत होते आणि पेटीपुढं बसलेली मुलगी दर खेपेला त्याच सुरावर अडत होती. दारात महादू उभा दिसला. महादू आमच्या गावचा, दूध घालायला रोज पुण्याला येणारा. पण शाळेच्या दारात आजवर कधी आला नव्हता. हातातल्या रिकाम्या किटल्या त्यानं आवाज न करता खाली ठेवल्या, तेव्हाच मी समजले. "आत्या ग्येल्या, आक्का," तो म्हणाला. "पहाटं धारा काढल्या, वसरीवर येऊन टेकल्या, त्या टेकल्याच..." मी मुलींना सांगितलं, हा अलंकार नीट होईपर्यंत वाजवा, मग घरी जा. आणि चपला घालून स्टँडवर गेले. आता आठवलं की माझं मलाच नवल वाटतं. पण मला जिनं घडवलं ती माझ्या जागी असती तर तिनंही हेच केलं असतं, यात मला शंका नाही.

शेवटची भेट दिवाळीच्या सुट्टीतली. भाताची झोडणी चालू होती, अंगणभर पेंढा होता, आणि आत्या ओसरीवर पाच पोरींना ओळीनं बसवून त्यांच्या बोटांकडं बघत बसली होती. पोरी उठून गेल्यावर ती मला म्हणाली, "म्या ग्येल्यावर ह्या बसतील का गं?" मी तिला खूश करायला म्हणून म्हणाले, "तू नसलीस तर कशाला बसतात? तुझ्या धाकानं तर बसतात." ती ओठ वाचायची. माझे ओठ तिनं नीट वाचले. मग सूप उचलून आत गेली. मला वाटलं, माणसाला मोठेपणा दिला. पुण्याला परतताना भूगावच्या चढावर एसटी घरघरत होती तेव्हा ध्यानात आलं, की तिनं काहीतरी निराळंच विचारलं होतं, आणि मी तिला सगळ्यात वाईट उत्तर दिलं होतं. पुढच्या खेपेला सांगू, असं म्हणाले. पुढची खेप आली ती अशी.

आत्या म्हणजे माझ्या वडिलांची, आबांची, थोरली बहीण. नाव सोनाबाई. लग्नानंतर दोन-तीन वर्षांत विषमज्वरानं तिला घेरलं; जीव वाचला पण दोन्ही कान गेले. सासरच्यांनी थोडे दिवस वाट पाहिली आणि एक दिवस तिला माहेरच्या अंगणात आणून सोडली. आबा तेव्हा मिसरूड फुटलेले. त्यांनी तिची वळकटी उचलून आत नेली आणि विषय संपवला. ऐकू येत नसल्यामुळं आपण किती मोठ्यानं बोलतो हे आत्याला कधी कळलं नाही. ती कुजबुजली तरी शेजारच्या तीन घरांना कळायचं. घरात कुणाचं लग्न ठरतंय, कुणाची म्हैस आटली, सगळं गुपित तिच्या तोंडून गावभर. आई कपाळाला हात लावायची. आणि या बाईनं, जिला जात्याची घरघरसुद्धा ऐकू येत नव्हती, तिनं आमच्या गावात पेटीचा रियाज लावला. मी गेली कित्येक वर्षं पुण्यात मुलींच्या शाळेत पेटी शिकवते. माझ्या हातून ज्या काही मुली तयार झाल्या असतील त्यांचं मूळ त्या ओसरीवर आहे. हे मी अभिमानानं सांगते, आणि कुणाला खोटं वाटलं तर मला त्याचं काही नाही.

आमचं गाव मुळशीत, पिरंगुटपासून आत, उरवड्याच्या अंगाला. एसटी पिरंगुटपर्यंत, पुढं पायवाट आणि मध्ये एक ओढा. स्वातंत्र्य मिळून सहा-सात वर्षं झाली असतील, मी दहाएक वर्षांची असेन, तेव्हा देवळातल्या भजनात पेटी वाजवणाऱ्या बुवांचे हात थरथरायला लागले. भजन बंद पडायचं म्हणून गावानं पुण्याचे एक मास्तर आणले. मास्तर हडकुळे, छत्री काखेत, तपकिरीची डबी कोटाच्या खिशात. त्यांची बहीण पिरंगुटला दिलेली, तिच्याकडं दर गुरुवारी यायचे आणि तिथून चालत आमच्याकडं. आधी गावातले सहा मुलगे बसवले होते. ते चार महिन्यांत एकेक करून पळाले. मग आत्यानं आबांना सांगितलं, म्हणजे अर्थातच साऱ्या गावाला ऐकवलं, की पोरं पळाली तर पोरी बसवा. देवळात कुरकुर झाली, पण बुवांनीच मान डोलावल्यावर बाकीचे काय बोलणार. असे आम्ही चौघं झालो: मी, माझ्यामागं लागून आलेला धाकटा भाऊ शंकर, शेजारची कमळ, आणि धनगरवाड्यातली भागी. भागीला आम्ही बोलावलं नव्हतं. शेरडं हाकताना देवळाच्या दाराशी थांबायची, एक दिवस आत येऊन बसली.

अडचण अशी की पेटी एकच, आणि ती देवळाच्या कपाटात कुलपात. कुलूप निघायचं गुरुवारी, मास्तर आले की. बाकीचे सहा दिवस आमच्या बोटांनी करायचं काय? शेण काढायचं, पाणी भरायचं, दगडांनी चिंचा पाडायच्या. गुरुवारी मास्तर यायचे तेव्हा मागचं सगळं पुसलेलं. पुन्हा सा, पुन्हा रे. मास्तर तपकीर ओढायचे आणि कपाळाला आठ्या घालायचे. आषाढ लागला, ओढा भरला. मास्तरांनी सांगितलं, आता ओढा उतरेपर्यंत माझं येणं व्हायचं नाही. गणपतीच्या आधी एकदा येईन. "तेव्हा बोटांत काही शिल्लक दिसलं तर पुढं शिकवीन," ते आबांना म्हणाले, "नाहीतर राम राम. पाण्यावर रेघा ओढायला मी पुण्याहून येत नाही." आबांनी हे आत्याला हातवारे करून, सावकाश ओठ हलवून सांगितलं. मी त्या दिवशी गोठ्यात जाऊन रडले. मला पेटी हवी होती... इतकी हवी होती की त्या वयात दुसरं काही मागावं असं सुचलंच नव्हतं. आणि ती आता गणपतीपर्यंतची पाहुणी होती.

दुसऱ्या दिवशी शाळेतून आले तर ओसरीवर चार फळ्या मांडलेल्या. गोठ्याचं जुनं दार मोडलं होतं, त्याच्या. प्रत्येक फळीवर पेटीच्या पट्ट्या काढलेल्या. पांढऱ्या चुन्यानं, काळ्या काजळानं. आत्याच्या रांगोळीला गावात तोड नव्हती आणि तो हात तिथं दिसत होता, रेघ कशी सुतात. मागच्या गुरुवारी देवळाच्या खांबाआड उभं राहून तिनं पेटी बघून घेतली होती. "हितं बोटं चालवा," ती म्हणाली. "पेटी वाजती का न्हाई त्ये मला न्हाई तरी कुटं कळतंय? बोटं चालत्यात का न्हाई त्ये कळतंय."

शाळा सुटल्यापासून गुरं घरी येईपर्यंतची वेळ तिनं धरली. त्या वेळी घरात कुणाला कुणाची गरज नसते, हे तिचं गणित. प्रत्येकाची फळी ठरलेली, बसायची जागा ठरलेली. शंकर एकदा कमळच्या जागी बसला तर त्याला उठवून त्याच्या जागी बसवलं, भांडण नाही काही नाही. किती वेळ बसायचं? तर ती समोर सूप घेऊन बसायची, एक सूप तांदूळ निवडून होईपर्यंत. नजर एकदा सुपात, एकदा आमच्या बोटांवर. सूप झालं की उठा. एकदा मला चेव आला होता, मी उठेना, तर तिनं फळी ओढून घेतली. "ऱ्हाऊ दे उद्याला," म्हणाली. तेव्हा राग आला होता. आज मी मुलींना तसंच उठवते. अजून वाजवावंसं वाटतंय तेव्हाच उठवते, म्हणजे दुसऱ्या दिवशी आपण होऊन येतात. आणि आम्ही काही साधू नव्हतो. मी एक दिवस शाळेत जायच्या आधीच तांदूळ निवडून सुपात भरून ठेवले, की आत्याचं काम चटकन उरकावं. आत्या बसली, सुपात बोटं फिरवली, माझ्याकडं बघितलं, उठली, अंगणातून मूठभर खडे-माती आणून तांदळात टाकली आणि शांतपणे निवडायला बसली. त्या दिवशी आम्ही गुरं येऊन गोठ्यात बांधली तरी बसून होतो. कमळ मला आठ दिवस बोलली नाही.

एखाद्याला यायचा कंटाळा आला तर ती रागवायची नाही. "न्हाई बसायचं? बरं. हात तेवढा फळीवर ठिव आन् जा," म्हणायची. आता हात ठेवायला आलेला माणूस बसतोच. न आलेल्याकडं ती स्वतः जायची, फळी काखेत मारून, भर वस्तीतून. त्याच्या दारात फळी मांडायची आणि उभी राहायची. मोठ्या आवाजात, "शंकऱ्या कुटं हाय?" हे गावच्या दुसऱ्या टोकाला ऐकू जायचं. लाजेकाजेस्तव पोरगं बाहेर यायचं. भागीचं मात्र अवघड होतं. तिच्या घरची शेरडं डोंगरात असायची, पोरीला सोडणार कोण? सलग तीन दिवस ती आली नाही. चौथ्या दिवशी आत्यानं फळी घेतली, डोक्यावर इरलं घेतलं आणि पावसातून डोंगर चढून गेली. मी मागं. खडकाच्या आडोशाला भागी शेरडं राखत बसलेली. आत्यानं तिच्यापुढं फळी ठेवली, आणि सुपाऐवजी तिथलं गवत उपटत बसली. भागी म्हणाली, "आवं आत्या, शेरडं जात्याल की." आत्यानं तिचे ओठ वाचले नाहीत असं दाखवलं, पण मला वाटतं वाचले होते. शेरडांकडं मी बघितलं. पुढं दोन महिने आत्या आठवड्यातनं तीन दिवस आम्हाला घेऊन डोंगरात आणि तीन दिवस ओसरीवर, असं चाललं. पावसानं चुना धुपून जायचा, ती रोज सकाळी पुन्हा रेघा मारायची. शेवटी कंटाळून तिनं विळ्याच्या टोकानं फळ्यांवर खाचाच पाडल्या.

अशी आमची बोटं तयार झाली. सा रे ग म प ध नि सा, वर जायचं आणि खाली यायचं, मास्तरांनी सांगितल्याप्रमाणं काळी एकपासून, म्हणजे पहिल्या काळ्या पट्टीला सा धरून. डोळे मिटून सुद्धा यायला लागलं. मला एवढा आनंद व्हायचा... सूर मनातल्या मनात ऐकू यायचे आणि बोटं त्यावर बिनचूक पडायची. बिनचूक, असं आम्हाला वाटत होतं.

गणपतीच्या आधी ओढा उतरला, गुरुवारी मास्तर आले. देवळात आबा, बुवा, चार शेजारीपाजारी, आणि आत्या खांबाशी. कुलूप निघालं. मास्तर मला म्हणाले, "वाजव." मी भात्यावर हात ठेवला आणि वाजवलं. सा बरोबर, रे बरोबर, ग कसलासा उतरलेला, रडका... आणि म वर बोट गेलं ते दोन पांढऱ्या पट्ट्यांच्या मधल्या फटीत. तिथं पट्टीच नव्हती. मी पुन्हा सुरू केलं. पुन्हा फट. मास्तरांनी मला उठवून शंकरला बसवलं. सा, रे, रडका ग, फट. कमळ, तेच. भागी, तेच. चौघांचं बोट त्याच एका फटीत. पेटी पाहिलेल्यांना ठाऊक आहे, की काळ्या पट्ट्या दोन आणि तीन, दोन आणि तीन अशा जुळून असतात, मध्ये जागा सुटलेली असते. आत्यानं ती सुटलेली जागा बघितली असेलही, पण तिच्या रांगोळीच्या हाताला ती पटली नसावी. तिनं सगळ्या काळ्या पट्ट्या सारख्या अंतरानं, एका ओळीत, कुठंही खंड न पाडता काढल्या होत्या. नक्षी सुबक झाली होती. आणि मास्तरांच्या "दोन काळ्या, मग पांढरी, मग काळी" या बोलांवर आमची बोटं त्या नक्षीवरून दोन महिने बिनबोभाट चालली होती.

"हे कुणी शिकवलं?" मास्तर कडाडले. शंकरनं आत्याकडं बोट दाखवलं. मास्तर तिच्याकडं वळून बोलत सुटले, की बाई, तुम्हाला कळत नाही त्यात पडता कशाला, पोरांची बोटं नासवलीत, कोरी होती तीच बरी होती. एवढं भराभर बोलणं आत्याला वाचता येईना. मुलांनी न थांबता वाजवलं एवढं तिला दिसलं होतं. तिला वाटलं मास्तर वाखाणताहेत. ती हसली, पदर सावरला आणि त्यांना हात जोडले. देवळात सगळे खाली बघायला लागले. मला तो क्षण आजही सहन होत नाही. मी उठले, तिचा हात धरून तिला पेटीपाशी आणलं, तिचं बोट त्या दोन पांढऱ्या पट्ट्यांमधल्या फटीवर ठेवलं. तिनं बोट पुढं-मागं फिरवलं. दुसऱ्या गटात फिरवलं. मग तिला कळलं. ती खाली बसली आणि तिच्या समजुतीनं हळूच, म्हणजे साऱ्या देवळाला ऐकू जाईल असं म्हणाली, "म्हंजी माज्यापायी ग्येली का रं पोरांची पेटी?"

मास्तरांनी तपकिरीची डबी काढली, पण उघडली नाही. मग त्यांनी मला विचारलं, "किती दिवस बसत होता?" मी म्हणाले, रोज. "रोज म्हणजे?" रोज म्हणजे रोज, मी म्हणाले, मला रडू आवरत नव्हतं, डोंगरात सुद्धा. मास्तरांनी भागीला पुन्हा बसवलं. "वाजव तुझं ते चुकीचंच. सावकाश. आता जलद." भागीनं वाजवलं. मनगट स्थिर, बोटं एकसारखी, फटीत जाणारं बोटसुद्धा अगदी वेळेवर फटीत. मग शंकर. मास्तर पुढं झुकून नुसती बोटं बघत होते, आत्या बघायची तशी. त्यांनी पिशवीतून एक कागद काढला, पेटीच्या पट्ट्यांवर पसरला, बोटानं दाबून घड्या पाडल्या, पेन्सिलीनं रेघा मारल्या आणि तो कागद आत्याच्या हातात दिला. मला म्हणाले, "बाईंना सांग, पट्ट्या बदला. वेळ बदलू नका." आणि आबांकडं वळून, "पुढच्या गुरुवारी येतो."

फटीतलं बोट बाहेर यायला दिवाळी उजाडली. पक्कं झालेलं चुकीचं खरवडून काढणं काय असतं ते ज्यानं केलंय त्यालाच ठाऊक. आत्यानं फळ्या तासून कोऱ्या केल्या, कागद ठेवून नव्यानं खाचा पाडल्या, आणि पहिल्या दिवशी आम्हाला बसवताना म्हणाली, "आता चुकलं तर माजं न्हाई, मास्तरांचं." मास्तर पुढं आठ-नऊ वर्षं येत राहिले. पुण्यात त्यांचे शिष्य पुष्कळ होते. पण बसायची सवय बघायची असेल तर मुळशीत जा, असं ते आपल्या पुणेरी शिष्यांना सुनवायचे. हे मला त्यातल्याच एकानं सांगितलं, जरा रागानंच. मला कोण आनंद झाला होता.

मी परीक्षा दिल्या, पुण्यात नोकरी लागली. शंकर शेती करतो आणि देवळातली पेटी त्याच्या हातात आहे. मास्तर थकल्यावर गुरुवारचा वर्ग तोच घेऊ लागला आणि बाकीचे सहा दिवस आत्या. कमळ सासरी भजनात वाजवते. भागीची पेटी मात्र सुटली. तिचं लग्न लांब झालं, शेरडांमागं वर्षातले सहा महिने फिरतीवर. आम्हा चौघांत तिचा हात सगळ्यात चांगला होता, हे मी माझ्या तोंडानं सांगते. आत्यानं तिच्याबरोबर फळी दिली होती, ती सासरी चुलीत गेली. हे कळलं तेव्हा आत्या दोन दिवस जेवली नाही. सगळंच काही तिच्या मनासारखं झालं असं मी म्हणणार नाही.

माझंही एकदा सुटलं होतं. नोकरीतलं दुसरं-तिसरं साल असेल. शाळेत दिवसभर शिकवायचं, घरी येऊन पेटीकडं बघावंसं वाटायचं नाही. शिकवतेच आहे की, अशी मनाची समजूत. पाच-सहा महिने गेले. आत्या डोळे दाखवायला पुण्याला आली, माझ्याकडं उतरली. मी तिला ताट वाढत होते. ती भाकरीकडं न बघता माझ्या हाताकडं बघत होती. म्हणाली, "बोटं जड झाल्यात तुजी." मी काहीतरी सांगायला लागले, शाळा, काम, थकवा. तिनं माझ्या ओठांवरून नजर काढली. तिला ऐकायचं नसलं की ती असं करायची. बोलणाऱ्याचं तोंडच बंद. जेवण झाल्यावर तिनं पेटीवरचं फडकं काढलं, माझ्या घरातले तांदूळ ताटात घेतले आणि समोर बसली. पंचवीस वर्षांची बाई मी, नोकरदार, मुकाट्यानं वाजवायला बसले. त्या दिवसापासून आजपर्यंत खंड नाही. तापात सुद्धा हात ठेवून उठते.

तिच्याबद्दल कळलं की लोक हळहळतात. "अरेरे, एवढं केलं आणि त्यातला एक सूर तिला ऐकू आला नाही." कुणी मला असंही विचारतं, की पेटीच्या लाकडावर हात ठेवून तिला सूर कळत असतील ना? काही कळत नव्हते. लाकूड थरथरतं एवढं तिला कळायचं, गाईच्या घशाखाली हात धरल्यावर कळतं तेवढं, आणि त्याचं तिला काही विशेष वाटत नव्हतं. मला या हळहळीचा राग येतो. तिला आमचं संगीत नको होतं. आमचं बसणं हवं होतं. सासरनं अंगणात आणून टाकलेल्या बाईला, जिच्याकडून कुणालाच काही नको होतं, तिला रोज चार पोरं आपल्यापुढं येऊन बसताहेत हे दिसत होतं. आणि शहाणे आईबाप माझ्याकडं येतात, बाई, आमच्या हिला रियाजाची गोडी कशी लावू, वेळापत्रक कसं करू, बक्षीस ठेवू का? मी म्हणते, तुम्ही रोज तिच्यासमोर बसाल का, काही न बोलता? मग ते पुन्हा येत नाहीत.

निरोप आला त्या दिवशी मी गावी पोचले तोवर सगळं आटोपलं होतं. वाटेत एकच गोष्ट डोक्यात घोळत होती. शंकर गुरुवारी शिकवेल, पण रोज बसवणार कोण? मी पुण्यात, शंकर शेतात, आईचं वय झालेलं. इतक्या वर्षांची ती ओळ आज तुटली, आणि दिवाळीत मी तिला तसं तोंडावर सांगूनही ठेवलं होतं. पुरुष नदीवरून अंघोळ करून परतले होते, ओसरीवर बसले होते. आबा भिंतीला टेकून, डोळे उघडे पण कुठंच न बघणारे. मी त्यांच्याजवळ बसले.

शाळा सुटायची वेळ झाली आणि अंगणात पाच पोरी येऊन उभ्या राहिल्या. दप्तरं घरी टाकलेली, तोंडं धुतलेली. ओसरीवर एवढी माणसं बघून बिचकल्या, पण आल्या. आबांचे चुलतभाऊ तात्या म्हणाले, "आज न्हाई गं पोरींनो. घरात सुतक हाय. पेटीबिटी वाजवायची न्हाई. जावा घरला."

पोरी हलल्या नाहीत. त्यांतली थोरली, असेल अकरा वर्षांची, खाली मान घालून म्हणाली, "पर तात्या, फळीचा आवाज कुटं येतुया?"

सगळ्यांनी आबांकडं पाहिलं. "सरका जरा," ते पुरुषांना म्हणाले. "पोरींस्नी बसू द्या. माज्या भैनीचं काम हाय त्ये."

पुरुष सरकले. पोरींनी कोपऱ्यातल्या फळ्या घेतल्या, आपापल्या जागी बसल्या आणि बोटं चालवायला लागल्या. सुतकाच्या घरात, दहा-बारा माणसांच्या डोळ्यांदेखत, पाच हात लाकडावरून वर गेले आणि खाली आले, पुन्हा वर गेले. बोटं जिथं पडायला हवीत तिथंच पडत होती. मी तोपर्यंत रडले नव्हते. आत्या समोर जिथं बसायची ती जागा त्यांनी मोकळी ठेवली होती. मी तिथं जाऊन बसावं म्हणून उठले, आणि मध्येच थांबले. एकीनंही मान वर करून तिकडं बघितलं नव्हतं. मी जिथं होते तिथंच पुन्हा बसले.

गुरं आली तेव्हा त्या उठल्या. फळ्या भिंतीला टेकवून ठेवल्या, चपला शोधल्या आणि अंगणातून निघाल्या. उद्या येऊ का, असं एकीनंही विचारलं नाही.